थेंबसुद्धा नको

आमच्या हॉस्पिटलात खाली बाळंतिणी असायच्या आणि वर दारुडे. खाली पोरं रडायची, वर बाप्ये. सत्तरच्या दशकातली गोष्ट. चिंचवडला हमरस्त्यालगत डॉक्टरांनी वरच्या मजल्यावर दारू सोडवायच्या तीन खाटा टाकल्या होत्या आणि मी तिथली सिस्टर होते. आसपासच्या कंपन्या आपली माणसं आमच्याकडे पाठवत. माणूस सुधारला तर कामावर, नाही तर कायमचा घरी.

उपचार म्हणजे मुख्यतः एक गोळी. ती चालू असताना दारू पोटात गेली की माणूस लालबुंद होतो, ओकतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून नियम असा की आधी माणसाला सगळं समजावायचं, त्याच्या तोंडून होकार घ्यायचा आणि मगच गोळी द्यायची. बायका माझ्या मागे लागत, "बाई, गुपचूप द्या की, कालवणात घालते." मी त्यांना जिन्यावरूनच परत पाठवायचे. प्रत्येकाला समोर बसवून बजावायचे, "दारूचा थेंबसुद्धा नको. कळलं?" तो "व्हय" म्हणायचा. माझा मात्र काडीचा विश्वास नसायचा. दारुड्याची शपथ म्हणजे पाण्यावरची रेघ, असं माझं ठाम मत होतं.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशनची तपासणी होती. तपासणीचे साहेब खालचं सगळं बघून वर आले. डॉक्टर त्यांच्या मागे मागे, सकाळचा चहाही न घेतलेले. एवढ्यात जिन्यात आरडाओरडा झाला. एक टेम्पोवाला आणि एक बाई मिळून एका माणसाला उचलून आणत होते. तो आमचाच पेशंट होता. मूळ चाकणकडचा, आकुर्डीत खोली करून राहणारा वेल्डर. रोज येऊन माझ्यासमोर गोळी घेऊन जायचा. कंपनीने त्याला शेवटची संधी दिली होती. त्याचा चेहरा विस्तवासारखा लाल झाला होता आणि नाडी हाताला नीट लागत नव्हती.

दुष्काळात तेरावा महिना! आम्ही त्याला आडवा केला, पाय उंच केले, सलाईन लावलं, ऑक्सिजन दिला. रक्तदाब खालीच चालला होता. डॉक्टर त्याच्या कानाशी ओरडले, "प्यायलास ना?"

"न्हाई."

"खरं बोल!"

"न्हाई जी. थेंब बी न्हाई."

खरं सांगते, मला त्याची चीड आली. मरायला टेकलाय आणि तरी खोटं बोलतोय!

साहेब खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी मला विचारलं, "सिस्टर, याला इशारा दिला होता?"

"दिला होता."

"मग नियम यानेच मोडला. कंपनीला तसं कळवून टाका. तुमच्याकडून काही राहिलेलं नाही."

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. माझ्याही.

तेवढ्यात त्याला घेऊन आलेली बाई, त्याची बायको, दारातून पुढे झाली. "त्यांनी दारू शिवली बी न्हाई हो. म्या औषध दिलं निस्तं." पिशवीतून तिने बाटली काढली. द्राक्षासव! "लई गळून गेले व्हते. आळंदीचं वैद्य म्हनलं, ह्यानं ताकद येती. दोन चमच्यानं काय हुतंय, म्हनून म्या वाटीभर दिलं."

साहेबांनी बाटली हातात घेतली आणि ते स्टुलावर बसले. आसव आंबवूनच करतात, त्यात दारूचा अंश असतोच, हे त्यांना ठाऊक होतं, डॉक्टरांना होतं, मलाही होतं. पण आसवाला दारू म्हणतं कोण? खाली आमच्याच बाळंतिणींच्या उशाशी तसल्या बाटल्या असायच्या.

"म्हणजे बाईंनी पाजलं," साहेब म्हणाले. "यांचा जबाब घ्यावा लागेल. माणूस दगावला तर पोलीसही येतील."

पोलीस म्हटल्यावर त्या माणसाने मान उचलली. तोंडावरचा मास्क त्याने हाताने बाजूला सारला.

"म्याच प्यालो, सायेब. हातभट्टीची. तिचा काय संबंध न्हाई."

बायको "अवो!" म्हणून ओरडली. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता सगळ्यांचीच सोय झाली होती. बाई सुटणार, हॉस्पिटल वाचणार. जाणार होती ती फक्त त्याची नोकरी, आणि ती त्याने स्वतःच सोडून दिली होती. साहेबांनी पेन उघडलं. "सिस्टर, तुम्ही ऐकलंत ना? तुमची सही लागेल."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत काय होतं ते मला कळत होतं. त्या तीन खाटा त्यांनी कर्ज काढून टाकल्या होत्या.

"तो खोटं बोलतोय, साहेब," मी म्हटलं. "दारू नाही प्यायलेला तो. आमचाच इशारा अपुरा होता. आम्ही दारू नको म्हणालो. आसव नको, काढा नको, असं कधी सांगितलंच नाही. त्या बाईला कळणार कसं?"

मग डॉक्टर म्हणाले, "सिस्टर म्हणतात तसंच लिहा."

साहेबांनी तसंच लिहिलं. रजिस्ट्रेशन अडकलं आणि वरच्या खाटा कितीतरी महिने रिकाम्या राहिल्या. डॉक्टर माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. पण वेल्डरची नोकरी राहिली आणि त्याच्या बायकोला कुणी काही विचारलं नाही.

त्या दिवशी ऊन उतरता उतरता त्याचा रक्तदाब वर आला. मी दंडावरचा पट्टा सोडत होते, तेव्हा त्याने माझा हात धरला.

"बाई, म्या व्हय म्हनलो व्हतो तुमाला. आता तरी इस्वास बसला का?"

"बसला," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.