मापट्याचं मापटं

आमच्या घरात गणित मी शिकवू नये, हे आता सर्वानुमते ठरलेलं आहे.

माझी मुलगी सारिका रेल्वेच्या भरतीचा अभ्यास करत होती, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही कारेगावला राहतो. हे रांजणगावच्या कंपनीत. रातपाळी असली की हे दिवसभर झोपायचे, म्हणून पोरगी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात यायची. मी भाकरी थापायची आणि ती माझ्या शेजारी बसून पुटपुटायची. एकदा तिची परीक्षा हुकली होती. यंदाही नाही जमलं तर पुस्तकं बांधून ठेवते आणि कंपनीत लायनीवर उभी राहते, असं तिनंच सांगून टाकलं होतं. तेव्हापासून माझ्या भाकऱ्या करपायला लागल्या.

एका सकाळी तिचं घोडं अडलं. म्हणाली, अर्ध्याचा वर्ग करायचा म्हणजे अर्ध्याला अर्ध्यानं गुणायचं आणि उत्तर पाव येतं. गुणलं की वाढायला पाहिजे, हे कमी कसं होतं? आणि वर्गमूळ म्हणजे उलट्या वाटेनं परत यायचं, तर ते मोठं होतं. दर वेळी तिचा गोंधळ व्हायचा.

मी चौथी शिकलेली. पण अर्धा आणि पाव म्हटल्यावर माझी नजर फळीवरच्या पितळी मापांवर गेली. माझ्या माहेरची मापं. सगळ्यात मोठा शेर, त्याच्या अर्धं मापटं, मापट्याच्या अर्धं चिपटं, आणि सगळ्यात धाकटं निळवं, चिपट्याच्याही पाव. आता धान्य किलोवर येतं, त्यामुळे मापट्यात चहापत्ती आणि चिपट्यात मीठ असायचं. मी दोन्ही ताटात उपडी केली आणि चारही मापं तिच्यापुढं मांडली.

"हा शेर म्हंजी एक. मापटं अर्धं. आता मापट्याचं मापटं कर, म्हंजी अर्ध्याचं अर्धं. काय आलं?"

"चिपटं."

"मग? कमीच व्हणार की. आन् चिपट्याचं मूळ हुडकत मागं गेलीस, तर मापटं. मूळ मोठंच."

सारिकानं मापं ओळीनं लावली. मग तिनं चिपट्याचं चिपटं करून निळव्यावर बोट ठेवलं, आणि पुन्हा त्या गणितात कधी अडकली नाही. (ताटातली चहापत्ती आणि मीठ मात्र मिसळलं होतं. ह्यांनी दोन दिवस खारट चहा घेतला आणि पाळी बदलल्यामुळं तोंडाची चव गेली असं समजून गप्प राहिले.)

इथंच मी थांबायला हवं होतं.

परीक्षा पुण्याला होती. कारेगावहून पुणं सरळ हमरस्त्यावर, एसटीत बसलं की पोचलं. पण माझा धाकटा भाऊ दौंडला रेल्वेत आहे. त्याचं म्हणणं, रेल्वेची परीक्षा तर रेल्वेनंच जायचं, शकुन असतो. म्हणून आम्ही आधी उलट्या दिशेनं शिरूर, तिथून दौंड, त्याच्या क्वार्टरमध्ये मुक्काम, आणि सकाळच्या डेमू गाडीनं पुन्हा पुणं असा प्रवास केला. शहाणी माणसं काय म्हणतील, याचा विचार आमच्यात कुणी केला नाही.

डबा परीक्षेच्या पोरापोरींनी भरलेला. यवतला एक चष्मेवाला चढला आणि आमच्यासमोर बसून मोबाईलवरचा प्रश्न मोठ्यानं वाचायला लागला. तीन चतुर्थांशाचा वर्ग मोठा की वर्गमूळ? तो म्हणे वर्ग, कारण वर्ग केला की आकडा वाढतो. एक मुलगी म्हणे मूळ, पण का, ते तिला सांगता येईना. वाद चढत गेला.

आता मी कशी, तर बचत गटात आपलं नाव सांगायचं म्हटलं तरी पदर तोंडावर घेणारी. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी बोलले.

"मूळ मोठं. मापट्याचं मापटं चिपटं असतंय."

मग चष्मेवाल्यानं अदबीनं विचारलं, "मावशी, परत सांगा की." मी परत सांगितलं. पलीकडच्या बाकावरची पोरं उठून आली. कुणीतरी मला खिडकी दिली! मी पाण्याची बाटली शेर केली, तिचं झाकण चिपटं केलं, आणि हडपसर येईपर्यंत जगातल्या सगळ्या आकड्यांचा निकाल लावून टाकला. वर्ग लहान, मूळ मोठं. कायम. डोळे झाकून लिहायचं. सारिका माझ्याकडे बघत होती, एकदा तिचं तोंडही उघडलं, पण ती काही बोलली नाही. मला वाटलं, अभिमानानं.

संध्याकाळी परतीच्या डेमूत तोच चष्मेवाला भेटला. सकाळची अदब कमी झाली होती.

"मावशी, दीडचा वर्ग आला होता."

"मग?"

"दीडचा वर्ग सव्वादोन होतो. मूळ त्याच्याहून लई लहान."

मी मनातल्या मनात दीड शेर ज्वारी मोजली. शेराच्या वर आकडे असतात, हे मी विसरूनच गेले होते. आमच्या फळीवर शेराहून मोठं मापच नव्हतं! पलीकडच्या बाकावरूनही माझ्याकडे बघणं चालू होतं. मी पदर ओढून खिडकीकडे तोंड केलं. पण मला धसका होता तो सारिकाचा. लायनीवर उभी राहिलेली पोरगी डोळ्यांपुढं आली.

"तूबी तसंच लिहिलंस का गं?" मी हळूच विचारलं.

"न्हाई. एकाच्या वर गेलं की उलटं होतंय, मला ठावं होतं."

"मग सकाळी बोलली का न्हाईस?"

"तू पहिल्यांदाच चारचौघांत बोलत होतीस. मधीच कसं तोडू?"

दौंडला भावाला हे कळलं तेव्हा तो घास घेता घेता थांबला. "आक्का, तू तर कॉम्पिटिशनच कमी केलीस." सारिकाची निवड झाल्यावर त्यानं हीच गोष्ट अख्ख्या कॉलनीत आणि नंतर आमच्या भावकीत पसरवली, आणि आता बरेच जण समजतात की मी ते ठरवून केलं होतं.

सारिकाची नेमणूक लांब झाली. स्वयंपाकघरात आता पुटपुटणारं कुणी नाही, भाकरीही करपत नाही. कधीतरी मापं पुसायला घेते आणि उगाच मापट्याचं मापटं करून बघते. भावाकडं डेमूचा विषय निघाला की तो विचारतो, आक्का, शिकवायला कवा येतीस? मी हिशेब सांगते. चौथी शिकले, म्हणजे चौथा हिस्सा, शेरातलं चिपटंच शिकले. ते चिपटं चिपट्यानं गुणायला गेले, आणि हाती निळवं आलं.