बुधवारचा उपवास

हिर्डोशीत वर्षाराणीइतकी गुणी पोर नाही, असं आमचा सगळा गाव सांगायचा. आमच्याकडे गुणी म्हणजे जिच्याकडे कुणाला बघावं लागत नाही ती. सतरा वर्षांची ही पोर अकरावीत नापास झाली तेव्हा रडली नाही. म्हैस आटली तेव्हा, माझीच चूक, म्हणाली. कुणी टाकून बोललं की हसायची आणि तेच बोलणं दिवसभर मनात घोळवत शेण काढायची.

मग तिने उपवास धरले. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. भगरीलाही हात लावायची नाही. हातापायाच्या काड्या झाल्या आणि आम्हाला त्यात तेज दिसलं. बायका आपापल्या पोरींना तिचं उदाहरण द्यायला लागल्या. तिचे वडील गेनबा पारावर ताठ मानेने बसायला लागले.

श्रावणातल्या सप्ताहात भैरवनाथाच्या देवळात खण-नारळ देऊन तिचा सत्कार ठेवला. नारळ हातात घेतला आणि पोर कोसळली. भुकेने पडली होती, दुसरं काही नाही. पण आम्ही पडलो भाविक, आम्हाला तिच्या अंगात देवी आलेली दिसली. कुणी कुंकू लावलं, कुणी पाया पडलं, एकीने तर मुलाच्या नोकरीचंही विचारून घेतलं.

गेनबांची बहीण चंद्राबाई गावात भांडखोर म्हणून नावाजलेली. ती गर्दीत घुसली आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"वर्षे, आज बुधवार. आज कुणाचा उपास गं?"

पोरीने हातातला नारळ खाली ठेवला.

"घास गिळवत न्हाई, आत्या. काईच नको वाटतं. उपास हाय म्हणलं की कुनी इचारत न्हाई."

आत्याने बायकांना हाकललं आणि दुसऱ्या दिवशी एसटीने तिला भोरला डॉक्टरकडे नेलं. गेनबाही गेले. डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य आहे. औषध लागेल, आणि आत दाबून ठेवलेलं बोलावंही लागेल. गेनबांची मान वर झाली नाही.

आता वर्षाराणी अर्धी भाकरी खाते. भात खुरपताना मधेच थांबून सगळ्यांदेखत रडते. गावाला हे फार लागलंय. एवढी गुणी पोर, पण बिघडली, म्हणतात. परवा पारावर एकाने गेनबांना विचारलंच, पोरीचे उपवास सुटले का.

"सुटलं," गेनबा म्हणाले. "आता रडती. म्या बसतो जवळ."