कॉलरच्या आतलं लेबल

सोमवार ते शुक्रवार मी पेरुंगुडीच्या ऑफिसात बसून वरिष्ठांची बोलणी खातो. शर्यतीच्या शनिवारी मात्र चेन्नईबाहेरच्या ट्रॅकवर टेबल मांडतो, आणि तिथे बोलणी दुसरे खातात. ड्रायव्हरचं हेल्मेट, हातमोजे, आगीपासून वाचवणारा सूट, प्रत्येकावरचं सुरक्षेचं लेबल तपासायचं. खरं असलं तर सही, नाहीतर घरी. इतका अधिकार मला आयुष्यात दुसरीकडे कुणी दिलेला नाही आणि तो मला आवडतो.

त्या शनिवारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. हंगामातली शेवटची शर्यत होती. ती पुरी केली तरच तिला वरच्या गटाचं लायसन्स मिळणार होतं. तिच्या मापाचा दुसरा सूट अख्ख्या ट्रॅकवर नव्हता. मी कॉलर उलटली, तर लेबलच्या एका कडेला नवी शिवण. फार सुबक.

"कुणाचा हा शहाणपणा?" मी स्वतःशीच पुटपुटलो.

वडिलांचा चेहरा उजळला. "मीच शिवलों, सार. तुम्ही मराठी कीं? अम्हीही मराठीच, तंजावूरचें."

चेन्नईजवळच्या आवडी गावच्या कारखान्यात जवानांचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता. धुताना लेबलची कड सुटली आणि सुटलेला टाका त्यांना बघवेना. पण लेबलवर शिवण फक्त बनवणाऱ्याचीच चालते, कारण जुन्या सुटाचं लेबल उसवून भलत्याच कापडावर लावणारे लबाड कमी नाहीत. संशय आला तर सूट आमच्या प्रमुखांकडे पाठवायचा. ते जाणते आहेत, खरा सूट ओळखून सोडतात. लबाडीची खात्री असेल तरच लेबल जागच्या जागी कापायचं. मग तो सूट कायमचा बाद.

"उंग ऊर आळा, सार?" रांगेतून कुणीतरी विचारलं. तुमच्या गावचा माणूस का? चार जण हसले. माझे कान तापले. या माणसाने सगळ्यांसमोर माझ्याशी नातं जोडलं, याचाच मला राग आला. मी कात्री उचलली.

"दोरा पाहा, सार," ते घाईने म्हणाले. "सुटाच्या आंतल्या पट्टीचाच दोरा काढून शिवलों. तो जळत नाहीं."

तो मी आधीच पाहिला होता. तोच दोरा, जुन्याच भोकांतून ओवलेला. बाकीच्या तीन कडांना कुणी हातही लावला नव्हता. सूट खरा होता.

मी चारही कडा कापल्या, सावकाश, रांगेला दिसेल अशा. लेबल पाकिटात टाकलं आणि फॉर्मवर इंग्रजीत 'बाद' लिहिलं. वडील कॉलरच्या मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले. आपलंच काहीतरी चुकलं, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी माझी माफीसुद्धा मागितली.

मुलगी रडली नाही. ती इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही दोरा बघितला होता."

"बघितला होता," मी मराठीत म्हणालो, तिच्या वडिलांनाही नीट समजावं म्हणून.