कठड्यावर बसणारे साहेब

हे गेल्यावर त्यांची सायकल दीड वर्ष बाल्कनीत उभी होती. भुकूमच्या आमच्या इमारतीतले सहा-सात जण दर शनिवारी संध्याकाळी सायकली काढतात. पिरंगुटचा घाट उतरून उरवड्याच्या पुढे जायचं, टपरीवर चहा प्यायचा आणि अंधाराच्या आत परतायचं. हे कित्येक वर्षं त्यांच्याबरोबर जात. मी कधीच गेले नव्हते. दिवाळीनंतर खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. त्या गटात त्या एकट्याच बाई. म्हणाल्या, "सायकल गंजायला लागलीय. तुम्हीच चालवा ना. शनिवारी चला आमच्याबरोबर."

नाही म्हणायला कारण सुचलं नाही. दुकानात नेऊन सीट खाली करून घेतली, हवा भरली, आणि आठवडाभर आवारातच फेऱ्या मारल्या. शाळेत असताना सायकल चालवत होते; पाय विसरले नव्हते, धीर मात्र सुटला होता.

शनिवारी घाट उतरताना मी ब्रेक सोडलाच नाही. उरवड्यात कारखान्यांची पाळी सुटत होती. डबे हलवत, हिंदीत बोलत माणसं बसकडे चालली होती. त्यांच्यातून वाट काढून पुढे आलो आणि रस्ता एकदम रिकामा झाला. दोन्ही बाजूंना भात कापून पडलं होतं. त्याचा वास येत होता. सगळे माझ्यासाठी हळू चालवत होते, ते मला कळत होतं आणि त्याने जास्तच अवघडल्यासारखं होत होतं.

टपरीवर सगळे मला ह्यांच्या गोष्टी सांगू लागले.

"वहिनी, इकडे येताना साहेब गाणी म्हणायचे. दम लागलेला असायचा, तरी कडवं सोडायचे नाहीत."

"आणि सोसायटीच्या मीटिंगची नक्कल! हसून हसून मी एकदा शेतात पडलो होतो."

मी हसले. पण आमच्या घरात ह्यांनी साधं गुणगुणलेलंही मला आठवत नव्हतं. आमच्यात भांडणं नव्हती. बोलणंच फार नव्हतं. शनिवारी हे परत आले की मी स्वयंपाकघरातून "आलात का?" विचारायची, हे "हो" म्हणायचे आणि अंघोळीला जायचे. तीस वर्षांत आम्हाला त्याची सवय झाली होती. मला तरी तसंच वाटायचं.

"परतताना मात्र ते मागे राहायचे," खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "गुडघा दुखतो, तुम्ही व्हा पुढे, असं म्हणायचे."

परतीला मीही मागे पडले. खरंच दम लागला होता. पुढे ओढ्यावरचा छोटा पूल आला. मी सगळ्यांना "येते हळूहळू" असं ओरडून सांगितलं आणि उतरले. पुलाच्या कठड्यावर एक म्हातारबाबा बसले होते. खाली ओढ्यात त्यांच्या दोन म्हशी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सायकलकडे पाहिलं.

"ही सायकल वळखीची हाय," ते म्हणाले. "इकत घेतली का?"

काय झालं कोण जाणे, मी "हो" म्हणाले.

"तरीच. हिच्यावर एक सायेब यायचे. दर शनवारी हितं बसायचे, माज्या शेजारी. लई दिस झाले, दिसलं न्हाईत. मला वाटलं, रस्ता बदलला."

"काय बोलायचे?"

"काय न्हाई. म्हशींकडं बघत बसायचे. शेंगदाणे आणायचे खिशात, मला द्यायचे. मग दिवस बुडाय लागला की उठायचे. म्हनायचे, घरी काय कुणी वाट बघत न्हाई, पर जावं तर लागतंय. एकलाच गडी व्हता बिचारा. बायकापोरांचं नाव कदी काढलं न्हाई."

मी पाण्याची बाटली काढली आणि तोंडाला लावून उभी राहिले. "आता कुटं असतात?" असं त्यांनी विचारलं. माहीत नाही, अशी मी मान हलवली, सायकलवर बसले आणि निघाले.

सबंध घाटात मी सायकल हातात धरून चालले. आपण वाट बघायचो का, हेच मी मनाशी विचारत होते. मी घरातच असायची. अंघोळीचं पाणी तापवून ठेवायची, भाकऱ्या झाकून ठेवायची. पण घड्याळाकडे बघितलं होतं का कधी? दारात गेले होते का? आठवेना. रात्री मुलीचा बंगळुरूहून फोन आला, "कशी झाली राईड?" मी म्हणाले, "छान." तिला बाकी काही सांगितलं नाही.

पुढचा शनिवार मी तब्येतीचं निमित्त सांगून टाळला. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र गेले. म्हातारबाबा तिथेच होते. सगळे पुढे गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, मी त्या दिवशी खोटं बोलले. सायकल विकत नाही घेतली. मी त्यांची बायको. ते गेले. दीड वर्ष झालं."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मग मी उगाच बोललो, बाई. तुमच्या जिवाला लागलं आसंल."

"लागलं. पण ते तसं म्हणाले होते ना?"

"व्हय," बाबा म्हणाले. "म्हनले व्हते."

त्यांनी बदलून सांगितलं नाही, याचं मला बरं वाटलं. ते थोडे बाजूला सरकले. मी कठड्यावर बसले. दगड अजून उन्हाने कोमट होता. ह्यांच्याबद्दल विचारण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्या माणसाकडे माझ्यापेक्षा जास्त काही असेल असं वाटलं नाही. म्हशी पाण्यातून बाहेर आल्या आणि अंग झाडून शेताकडे चालू लागल्या. बाबा काठी घेऊन उठले.

"घरला जावा आता, उजेड हाय तवर," म्हणाले आणि त्यांच्या मागे बांधावरून निघाले.

मी आणखी थोडा वेळ बसले. मग हेल्मेट घातलं आणि एकटीच उरवड्यावरून घरच्या वाटेला लागले.