थांबामावशी

आमच्या घरी आल्या त्या पहिल्या दिवशी मावशींनी सईकडे बघितलंसुद्धा नाही. सई म्हणजे माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, आणि त्यांना बोलावलं होतं ते तिच्यासाठीच. ती सोफ्याच्या पाठीवर चढून बसली होती. तिथून तिने पंख्याला उशी मारून दाखवली, तरी या बाई ढिम्म. मी आपली सुरू झाले, "बघा ना, अभ्यासाला म्हणून बसत नाही, डबा शाळेत विसरते, दिवसभर नुसती..." त्यांनी ट्रॅफिक पोलिसासारखा तळवा माझ्यासमोर धरला. "थांबा. मुलीचं सगळं डॉक्टरांनी लिहिलंय, ते मी वाचलंय. मला तुम्हा आईबाबांना बघायचंय. सकाळी शाळेच्या वेळी कशा ओरडता, ते जरा ओरडून दाखवा."

ओरडून दाखवा म्हणे! मी केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. माझ्याशी असं कोणी बोलत नाही. माझा असा पारा चढला की मी खरंच ओरडले. "हां, हाच तो आवाज," त्या अगदी समाधानाने म्हणाल्या. सई सोफ्यावरून खाली येऊन पोट धरून हसत होती. तिनेच त्यांचं नाव थांबामावशी ठेवलं, आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो, अगदी त्यांच्या तोंडावर.

आम्ही मूळचे नाशिकचे. माझ्या नोकरीमुळे राजधानीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो आणि माझा नवरा मिलिंद रोज गुडगावला कंपनीत जातो. सईला एडीएचडी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, हातपाय स्वस्थ बसत नाहीत, आणि डोक्यात आलं की ते करून मोकळी. बुद्धी झकास, पण घरात रोज महाभारत. मिलिंदची मोठी बहीण नीताताई पुण्यात असते. तिने फोनवरच निकाल देऊन टाकला, "माझ्याकडे पाठवा. इथल्या शाळेत घालते, वर्षभरात सरळ करते." मिलिंद इतका दमला होता की तो जवळजवळ तयार झाला. जूनच्या आत ठरवायचं होतं. सईला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. पोर पुण्याला गेली की ती आपली राहणार नाही, असं मला मात्र वाटायचं, आणि तिला ठेवून घ्यायचं तर ते निभवायचं कसं, तेही कळत नव्हतं.

पालकांना शिकवणारी कोणीतरी बाई आहे, हे ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं. मावशी कोल्हापूरच्या, साठीच्या, ठेंगण्या. मुलांच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून सगळा जन्म गेलेला. मुनिरकाला तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या. आसपासची विद्यार्थी मंडळी त्यांच्या चहावर पोसलेली. हिंदी अशी की रिक्षावाले वळून बघायचे. "भैया, इतना घाई मत करो, हमको पोहोचना है, उडना नहीं है!" आणि स्वभाव म्हणाल तर गोडबिड मुळीच नाही. चहा पांचट झाला तर कप परत करायच्या.

त्या यायच्या त्याही आमच्या सगळ्यात वाईट वेळी, सकाळी शाळेच्या बसच्या आधी. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून बसायच्या आणि बघायच्या. माझा तोंडाचा पट्टा चालू, "सई, ब्रश कर, मोजे घाल, बाटली भर, काल टीचरनी दिलेला कागद कुठाय, आणि ते केस बघ जरा!" सई एक मोजा हातात घेऊन खिडकीतलं माकड बघत उभी. एकदा हे सगळं शांतपणे बघून मावशी मला म्हणाल्या, "अनघा, गॅस बंद करा, फ्रीजमधलं दही काढा, मला ते निळं भांडं द्या, बाल्कनीचं दार लावा, आणि काल रात्री भाजी कोणती केली होती सांगा." मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले. पुढे काय ते आठवेचना. तर ही बाई हुबेहूब माझ्या आवाजात म्हणते, "किती वेळा सांगायचं? लक्ष कुठे असतं तुमचं?" मला इतका राग आला, काय सांगू! तो राग माझ्यावरच होता, हे कळायला दुपार झाली.

"लांबून फर्मान सोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, एकच गोष्ट सांगायची. झाली की लगेच छान म्हणायचं. मग दुसरी." मिलिंदने यातलं 'छान म्हणायचं' तेवढं उचललं. मुळातच आयटीवाला, त्यामुळे त्याने कौतुकाचा सपाटाच लावला. सई जेवली, ग्रेट जॉब! सई शिंकली, सुपर! दोन दिवसांनी सईने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "आई, बाबाची तबियत ठीक आहे ना?" मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या स्टुलावरून पडायच्या बाकी होत्या. मग मिलिंदला म्हणाल्या, "अहो, काय छान ते सांगा. चप्पल जागेवर ठेवली हे मला दिसलं, एवढं पुरे. पोरांना खोटं लगेच कळतं."

माझी खरी परीक्षा खेळाची होती. रोज थोडा वेळ सई सांगेल ते खेळायचं, आणि तेवढ्या वेळात तिला ना हुकूम द्यायचा, ना प्रश्न विचारायचा. मला वाटलं, हे तर बिल्कुल सोपं. सईने जेवणाच्या खुर्च्या ओळीने लावून मेट्रो केली. मी बसता बसता म्हणाले, "अगं ओढू नकोस, फरशीवर चरे पडतील." मावशींचं बोट वर. "ही लाइन कुठली गं?" बोट वर. "बरं, सावकाश." पुन्हा बोट! हुकमाशिवाय मला माझ्याच मुलीशी बोलता येत नव्हतं. शेवटी तोंड मिटून बसले. सई ड्रायव्हर झाली, घोषणा देणारी बाई झाली, चेकिंगवाली पोलीस झाली, आणि मला म्हणाली, "मॅडम, आप गलत मेट्रो में बैठी हैं, पण काही हरकत नाही, मी सोडते तुम्हाला." त्यानंतर बराच वेळ ती त्या खेळातून हलली नाही. माझं पोर इतकं मजेशीर आहे, हे मला माहीतच नव्हतं.

मावशी कधी मोठ्या गोष्टी बोलल्या नाहीत. "मी काही जादूगार नाही. औषधाचं डॉक्टर बघतील, शाळेचं शाळा बघेल, आपण घराचं बघू." आणि पुण्याचा प्रश्न तर त्यांनी हातातच घेतला नाही. मी कितीदा विचारलं, "पाठवू का नको, एवढं तरी सांगा." त्यांचं उत्तर ठरलेलं. "ते मी सांगणार नाही. पण दमलात म्हणून पाठवू नका. विचार करून वाटलं तर पाठवा."

मे महिन्यात त्या कायमच्या कोल्हापूरला गेल्या. मुनिरकाच्या जिन्याला गुडघे कंटाळले होते. आम्ही स्टेशनवर पोहोचवायला गेलो तेव्हा मला रडूच आलं. अजून नीताताई यायची होती, ठरायचं होतं, आणि या बाई निघाल्या. "अहो, मी काय जन्मभर तुमच्या स्टुलावर बसू?" त्या खिडकीतून म्हणाल्या. "आता तुमच्या चुका तुम्ही करा."

पंधरवड्याने नीताताई आली, सईला न्यायच्या तयारीनेच. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथीगृहात उतरली होती. तिथल्या कँटीनमध्ये आम्ही सगळे जेवायला बसलो. सई हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि सोलकढीचा अख्खा ग्लास नीताताईच्या इरकलीवर! सगळं कँटीन आमच्याकडे बघायला लागलं. "बघ, मी म्हणत होते ना!" नीताताई ओरडली. माझाही आवाज गळ्यापर्यंत आला होता. तेवढ्यात मी सईकडे बघितलं. तिने डोळे गच्च मिटले होते आणि खांदे वर ओढून घेतले होते. ती माझ्या ओरडण्याची वाट बघत होती.

मी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सई, काउंटरवरून टिश्यू आण." ती पळाली आणि टिश्यूंचा गठ्ठाच घेऊन आली. "छान, लगेच आणलेस. आता आत्याला पाणी." दोन्ही हातांत ग्लास धरून, जीभ बाहेर काढून, ती पाऊल मोजत आली. एक थेंब सांडला नाही. "आत्या, सॉरी," हे तिने आपणहून म्हटलं. नीताताई साडी पुसत आमच्याकडे बघत राहिली. वाईट नाही ती, जे वाटतं ते बोलते. म्हणाली, "मी असते तर दोन धपाटे घातले असते, आणि ही पळून गेली असती."

"म्हणूनच म्हणतो ताई, राहू दे तिला आमच्याकडेच," मिलिंद म्हणाला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. तो आपणच म्हणाला. नीताताईने नाक मुरडलं आणि दुसरी सोलकढी मागवली.

परत येताना रिक्षात सई आमच्या दोघांच्या मधे बसली होती. म्हणाली, "म्हणजे मला पुण्याला नाही पाठवणार? सच्ची?"

"तुला कोणी सांगितलं होतं पुण्याचं?" मिलिंदने विचारलं.

"कोणी नाही. तुम्ही फोनवर बोलायचा ना. माझं लक्ष नसतं, पण कान तर असतात."

मी तिला जवळ ओढून म्हटलं, "सच्ची. तू कुठेही जाणार नाहीस." त्यावर ती म्हणाली, "मग मी माझी बॅग रिकामी करू?"

घरी आल्यावर तिने दिवाणाखालून शाळेची जुनी बॅग ओढून काढली. पुण्याला जायची तयारी तिची तिनेच करून ठेवली होती. एकच सँडल, गणिताचं पुस्तक, सुकलेलं सफरचंद, आणि सगळ्यात खाली माझी निळी ओढणी, जी मी घरभर शोधून शेवटी हरवली म्हणून सोडून दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला फोन लावला. सगळं भडाभडा सांगितलं, पण ओढणीपाशी आले आणि रडायलाच लागले. मावशी म्हणाल्या, "ती ओढणी परत मागू नका हं."

सई आता सातवीत आहे. डबा अजूनही विसरते, आणि मी अजूनही कधी कधी ओरडते. पण ओढणी मी मागितली नाही. ती तिच्याच उशाशी असते.