पिवळं भांडं आणि लाल बावटा

"पाणी बघून सांगतो."

तांडेलांना काहीही विचारा, उत्तर हेच. तांडेल, चहा घेणार? उद्या लवकर येणार? पोरगी जेवली का? आधी उजवा हात कपाळावर आडवा धरून लांब कुठेतरी पाहायचं, मग हे उत्तर. बोईसरच्या माझ्या पाळणाघरासमोर लांब पाहण्यासारखं काही नाही, कारखान्याची भिंत आहे. तरी ते पाहायचे.

कामावरून सुटली तरी ज्यांच्या अंगातून काम सुटत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे किनाऱ्यावरच्या घिवलीचे. आयुष्यभर मोठ्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. गुडघे गेले तसा खोल समुद्र सुटला. उरली खाडीपुरती एक लहान होडी आणि अडीच वर्षांची नात. तिला ते स्कूटरवरून आणायचे. नात पुढे उभी आणि हँडलला पिवळं प्लास्टिकचं शीचं भांडं लटकवलेलं, घासून लख्ख केलेलं. रस्त्यात लोक हसायचे. हे त्यांना हात करायचे.

पोरगी दंगेखोर, गुबगुबीत गालांची, वजन चोख. फक्त शी पातळ. दिवसातून चार-पाचदा, पाण्यासारखी, आणि तिच्यात सकाळी खाल्लेले वाटाणे जसेच्या तसे. महिनोन्महिने हेच. रात्री मात्र डाराडूर झोप. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. आणि नेमकं याच वेळी तिचं डायपर सोडवायचं होतं, कारण जूनमध्ये बालवाडी, आणि बालवाडीत शी-शू सांगणारं मूल हवं. तिची आई कंपनीत पॅकिंगला होती. पोरीला बालवाडीत घेतलं नाही तर नोकरी सोडून घरी बसावं लागणार, हे ती मला दोनदा सांगून गेली होती. दोन्ही वेळा ती दुसरीकडेच पाहत होती.

माझा नियम साधा आहे: जुलाब होणारं मूल घरी. बाकीच्या आयाही कुरकुरायला लागल्या. एक तर दारातच म्हणाली, "दीदी, ये सब बच्चों को लगेगा क्या?"

मी तांडेलांना बोलावलं. "हे बघा, पोरीला ठेवते होळीपर्यंत. पण सकाळी तुम्ही इथे बसायचं. भांडं तुमचं, धुणं तुमचं."

"बसतो की."

"मग तिला घरीच पॉटवर का नाही बसवत?"

"घरी एकटी बसते काय, बाई? चार पोरं वल्हवताना बघितली की पाचवा वल्हं धरतो. इथं बसेल."

मला हसू आवरेना. पण मुद्दा बरोबर होता.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या छोट्या मोरीबाहेर एका लाकडी पाटावर हा धिप्पाड माणूस बसू लागला. समोर चार-पाच पॉट ओळीने, त्यांवर चार-पाच पोरं. "चला, होड्या लावा! कोणाच्या होडीत काय आलं?" काही आलं नाही तरी त्यांचं काही म्हणणं नसे. "नाय तर नाय. उठा, खेळा." मी इतकी वर्षं हे काम करते. पाय पसरून, घड्याळाकडे न पाहता पोरांची शी होण्याची वाट पाहणारा पुरुष मी पहिल्यांदाच पाहत होते.

धुण्यातही ते मागे नव्हते. नातीच्या चड्ड्या स्वतः धुऊन आणायचे. फक्त वाळवायचे अंगणातल्या बोंबलांच्या दोरीवर, दोन बोंबलांच्या मध्ये एक चड्डी. पहिल्या आठवड्यात माझ्या दारात तीन मांजरं मुक्कामाला आली.

"तांडेल, चड्ड्यांना वेगळी दोरी बांधा."

"ऊन तर एकच हाय."

"वास एक नाही."

त्यांनी एक चड्डी नाकाला लावली, विचार केला. "मला तर काय येत नाय." पण दोरी बांधली.

शी मात्र पातळच. पोरगी बिचारी सांगायची, पण सांगेपर्यंत झालेलंच असायचं. घरी तिचं तूप बंद, मासे बंद, नुसता पातळ भात. शिमग्याच्या गोष्टी सुरू झाल्या, म्हणजे माझी मुदत संपत आली. एकदा तांडेल भांड्यात पाहत म्हणाले, "बाई, सून रडते. मला दाखवत नाय, पण भांडी घासताना रडते." मग पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाले, "तुमी डॉक्टरकडे चला ना माझ्याबरोबर. मला पाण्याचं कळतं, यातलं नाय कळत."

गेलो. बालरोगतज्ज्ञ बाई तरुण होत्या, हसऱ्या. पोरीला त्यांनी टेबलावर नाचू दिलं, वजन-उंची पाहिली, पोट दाबलं. रक्त पडतं का, ताप, उलट्या, वजन घटतं का? सगळ्याला नाही. मग त्यांनी विचारलं, "दिवसभर पिते काय?"

"पाणी," तांडेल म्हणाले.

"जूस!" पोरगी म्हणाली.

तांडेल भिंतीवरच्या हत्तीच्या चित्राकडे पाहू लागले. हात कपाळावर गेला नाही, एवढंच.

"जूस कोण देतं?" डॉक्टरांनी तिलाच विचारलं.

"आबा. मी बसली की देतो. शी केली की अजून देतो."

मी तांडेलांच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. नळी लावलेला आंब्याच्या जूसचा छोटा डबा तिथून डोकावत होता. माझी पाठ वळली की पॉटवर बसल्याचं बक्षीस. जूसने पोट ढिलं, पोट ढिलं की पुन्हा पॉट, पॉट की पुन्हा जूस. पोरीला धंदा बरोबर कळला होता.

डॉक्टर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग नीट समजावलं. या वयात काही धडधाकट मुलांना असं होतं, ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही, मोठी होतील तसं जातं. जूस, सरबतं बंद, तहानेला पाणी. पातळ भाताचे लाड पुरेत, तूप, मासे, भाजी, सगळं घरचं जेवण सुरू करा. रक्त दिसलं, वजन घटलं, मूल मलूल झालं तर लगेच या. "आणि शी होईपर्यंत बसवून ठेवू नका. रागवू तर अजिबात नका."

"रागवतंय कोण," तांडेल पुटपुटले. "बक्षीसच बंद केलं तुमी."

बाहेर स्कूटरजवळ त्यांनी विचारलं, "बाई, मीच केलं ना हे?"

"तुम्हीच. आता निस्तरा. बसा स्कूटरवर."

सोमवारी ते आले तेव्हा हातात बोटीवरची एक जुनी कप्पी, दोरी आणि लाल कापडाचा तुकडा. खिडकीच्या गजांना कप्पी बांधली. आता पॉटवर बसणाऱ्याला बक्षीस एकच: दोरी ओढून बावटा वर चढवायचा. शी होवो न होवो. पहिल्याच दिवशी पॉटसाठी रांग लागली. ज्या आईने दारात तक्रार केली होती तिचा मुलगा तर घरी जायला तयार होईना. ती मला विचारू लागली, "दीदी, ये झंडा कहाँ मिलता है?"

पोरीने जूससाठी दोन दिवस थैमान घातलं. तांडेलांनी खिसे उलटे करून दाखवले. मग हळूहळू चार वेळांच्या तीन झाल्या, तीनच्या दोन. होळीच्या आदल्या सकाळी ती खेळ टाकून उठली, आपणच पिवळं भांडं ओढून आणलं आणि आजोबांना म्हणाली, "आबा, दोरी धर. मी येते."

थोड्या वेळाने मला हाक आली. "बाई! ओ बाई, या! सगळं सोडून या!"

मी कणकेचे हात घेऊन धावले. तांडेल भांड्यावर वाकले होते, जाळ्यात मोठं पापलेट लागल्यासारखे. "बघा. घट्ट हाय. एकही वाटाणा नाय." डोळे भरून आले होते. पोरगी शांतपणे दोरी ओढत होती. मी म्हटलं, "छान. आता हे ओता आणि फिनेल टाका." एवढंच मी म्हणाले, पण त्या दिवशी सगळ्या पोरांना शिरा केला.

जूनमध्ये ती बालवाडीत गेली. आईची नोकरी राहिली. तांडेलांचं येणं थांबलं आणि मोरीबाहेरचा पाट रिकामा झाला. नवीन पोरं त्या पाटावर बसत नाहीत. ज्यांनी तांडेलांना पाहिलं ती जुनी पोरं बसू देत नाहीत. कप्पी अजून आहे. बावटा मी दोनदा बदलला.

परवा सुकट घ्यायला घिवलीला गेले होते. किनाऱ्यावर बायका मासळी निवडत होत्या. थोड्या अंतरावर एक लहान होडी वाळूला लागलेली, आत एक धिप्पाड पाठ वाकून तळाचं पाणी बाहेर उपसत होती. हातात पिवळं भांडं.

"तांडेल! हे काय?"

त्यांनी हात कपाळावर आडवा धरला, मला ओळखलं, भांड्याकडे पाहिलं. "कान मजबूत हाय याचा," ते म्हणाले आणि पुन्हा उपसायला लागले.

होडीच्या टोकावर नात उभी होती. मला पाहताच तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"बाई! मी आज एकदाच केली!"

मासळी निवडणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.