दिव्याचं तोंड

"दिव्याचा त्वांड फिरला."

हे आमच्या कोचमनचं वाक्य. दिवेलागणीला गाडी जुंपली की तो आधी घोडीच्या मानेवर थाप मारी. मग गाडीच्या उजव्या दिव्यापाशी जाई आणि लहान मुलाची हनुवटी धरून चेहरा वळवावा, तसा अंगठ्याने दिवा जरासा खाली वळवी. मग डावा. जरा मागे सरून, मान वाकडी करून बघे. समाधान झालेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

मधू, मागच्या पत्रात तू लिहिलंस की मोटारीला नवे, जास्त उजेडाचे दिवे बसवून घेतलेस आणि गाडी भिंतीसमोर उभी करून, भिंतीवर रेघ मारून त्यांचा रोख धरलास. ते वाचलं आणि हा माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला. मुंबईत मोटारी सर्रास दिसायच्या आधी, आमच्या गिरगावच्या वाडीत, विहिरीमागच्या भिंतीसमोर हेच चालायचं. तेव्हा मी त्या घरात नवी सून होते. तुम्ही दोघं नातवंडं इतक्या लांब आहात, म्हणून सगळं क्रमाने सांगते.

त्याला नाव होतं, पण घरात ते कोणी घेत नसे. सगळे कोचमन म्हणत आणि त्याला ते आवडे. मालवणकडचा, उंच, काटकुळा, पायांत किंचित फेंगडा. डोक्याला लाल पागोटं. बायको-मूल नव्हतं. भाऊ लालबागच्या गिरणीत होता आणि घोडपदेवला चाळीत राहायचा; हा मात्र आमच्या तबेल्याच्या माळ्यावरच झोपे. त्याच्या जवळची म्हणावी अशी दोनच. एक राणी, आमची घोडी. दुसरी गाडीवरची ती उंच बैठक.

त्या बैठकीचं त्याला काय वाटे, ते त्याने मला एकदा सांगितलं होतं. "वैनीनू, आमचो बापूस पालखीचो भोई. जलमभर लोकांका खांद्यार घेवन चाललो. मिया वर बसलंय." एवढंच म्हणून तो चाक धुवायला लागला.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, डॉक्टर होते. त्या वर्षांत शहरात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, होता. भायखळा, लालबाग, परळ, कुठून कुठून बोलावणी येत आणि परतताना रोज अंधार पडे. गिरगावात रस्त्यावर गॅसचे दिवे होते. परळ सोडून दादरकडे वळलं की ताडांच्या वाड्या, शेतं आणि मिट्ट काळोख. मामंजी गाडीत बसले की त्यांचे डोळे मिटत. दिवसभराचा थकवा असे. वर कोचमन आहे, या भरवशावर ते झोपत.

गाडीचे मूळचे दिवे मेणबत्तीचे होते. पितळी नळीत मेणबत्ती आणि तिच्याखाली स्प्रिंग. मेणबत्ती जळेल तशी ती वर सरके. दिसायला सुरेख, पण उजेड यथातथाच. कोचमनने तक्रार सुरू केली. रस्ता दिसत नाही असं तो कधी म्हणाला नाही. म्हणे, "माका सगळा दिसता. दिव्याकच दिसणा नाय."

मामंजींनी घासलेटचे दिवे आणले, मागे चकचकीत आरसा असलेले. ते बसवले त्या संध्याकाळी त्याने घोडी सोडली, गाडी ढकलत विहिरीमागच्या चुन्याच्या भिंतीसमोर आणली, चुलीतला कोळसा मागून घेतला आणि भिंतीवर आडवी रेघ ओढली, राणीच्या छातीच्या उंचीवर. उजेड रेघेच्या वर जाता कामा नये. दिव्याच्या पकडीत चामड्याचे तुकडे खुपसून त्याने दोन्ही दिव्यांचा रोख धरला. मी ओटीवरून विचारलं, "एवढं कशाला?"

"दिवो समोरच्या माणसाच्या डोळ्यात मारूचो नाय, वैनीनू. रस्त्याच्या पायात मारूचो."

सासूबाई तुळशीपाशी निरांजन ठेवत होत्या. त्या म्हणाल्या, "मेला रोज भिंतीला ओवाळतो. एखाद दिवस भिंत आशीर्वाद देईल." वाडीतली माणसं हसली. कोचमनही हसला. पण दोन दिवसांनी गाडी पुन्हा भिंतीसमोर. या वेळी रेघ घोडीच्या गुडघ्याशी आली होती.

त्यानंतर मी बघत गेले. संध्याकाळी तो अंगणातून चालताना पाय जमिनीवर घासत चाले. विहिरीजवळची बादली रोज त्याच जागी असे, आणि तो रोज तिला अडखळे आणि रोज बादली ठेवणाऱ्याला शिवी देई. समोर उभं राहिलं तर ओळखे; बाजूने गेलं तर दचके. दुपारी मात्र त्याच्यासारखा गाडी हाकणारा गिरगावात नव्हता. मी सासूबाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "वय झालं त्याचं." तेव्हा तो चाळिशीचाही नसेल.

मग मामंजींना कोणीतरी विलायतेहून आलेल्या एका नव्या दिव्याबद्दल सांगितलं. त्यात कार्बाइडचे खडे घालायचे, वरून थेंब थेंब पाणी सोडायचं, की त्यातून वायू निघून जळतो. कोचमन महिनाभर त्याच दिव्याचं बोलत होता. अखेर कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, एका दुकानातून जोडी आली. पेटवली तेव्हा लसणीसारखा वास सुटला आणि अंगण असं पांढरं झालं की सासूबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला.

डब्यात इंग्रजी छापील कागद होता. कोचमन तो माझ्याकडे घेऊन आला. "वाचा, वैनीनू. सगळा वाचा." मी वाचून मराठीत सांगत गेले. खडे किती, पाणी किती, काच कशी पुसायची. शेवटी लिहिलं होतं की दिवा किंचित खाली झुकवावा, म्हणजे उजेड रस्त्यावर पडेल आणि समोरून येणाऱ्याला त्रास होणार नाही.

त्याचा चेहरा उजळला. "लंडनवालो पण ह्याच सांगता मां?"

"हेच सांगतो."

"आनि तरीपण दिसला नाय तर? ताचा काय लिवलाहा?"

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. "त्याचं काही लिहिलेलं नाही."

त्याने कागद माझ्या हातून घेऊन स्वतः उलटून पाहिला. मग म्हणाला, "बाकीचा पान हरवला असतला."

त्या दिव्यांचा रोख धरायला त्याला आठवडा लागला. भिंतीवर रेघेखाली रेघ येत गेली. कोळशाची जुनी रेघ तो पुसत नसे, त्यामुळे ती भिंत उभ्या शिडीच्या पायऱ्यांसारखी दिसायला लागली, आणि पायऱ्या सगळ्या खाली उतरणाऱ्या.

पुढची गोष्ट परळच्या रस्त्यावरची. मामंजींच्या बहिणीकडे दादरला जाऊन आम्ही परतत होतो. सूर्य नुकताच बुडाला होता. मला गाडीतून रस्ता, झाडं, माणसं सगळं दिसत होतं. डाव्या कडेने एक कोळीण टोपली डोक्यावर घेऊन चालली होती. मला वाटलं, कोचमन गाडी उजवीकडे घेईल. त्याने घेतली नाही. राणीनेच ऐन वेळी अंग चोरलं म्हणून ती बाई वाचली. टोपलीला मात्र चाकाचा धक्का लागला आणि मासळी रस्त्यावर विखुरली.

"मेल्या, डोलं घरा ठेवून आयलास का?" कोळीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "येवढे दोन सूर्य लावल्यान गारीला नं बाय दिसत नाय तुला?"

कोचमन खाली उतरला. मासळी कुठे पडली आहे ते त्याला कळेना. तो दिव्यापाशी गेला, हनुवटी धरली, म्हणाला, "दिव्याचा त्वांड फिरला."

"मंग दिव्याला बसव वर नं तू उतर खाली!"

रस्त्यावर जमलेली माणसं खो खो हसली. मामंजी जागे झाले होते. त्यांनी कोळिणीची समजूत काढली आणि मासळी वेचायला ते स्वतः खाली वाकले. मीही वाकले. परत येताना मामंजींनी डोळे मिटले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी कोचमनला गाडी भिंतीसमोर लावायला सांगितली. "दिवे तुझ्या मनासारखे कर." त्याने केले. पागोटं घामाने भिजलं होतं. ते काढून त्याने भिंतीतल्या खुंटीला अडकवलं आणि परत गाडीजवळ येऊन उभा राहिला. भिंत चांदण्यात धुतल्यासारखी लख्ख होती. रेघ स्पष्ट, उजेड बरोबर तिच्या खाली. थोडा उजेड वरच्या बाजूलाही सांडला होता.

"समोर काय आहे?" मामंजींनी विचारलं.

"रेघ."

"बरोबर. आणि रेघेच्या डाव्या अंगाला?"

तो बघत राहिला. मान फिरवली नाही. मामंजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, सरळ बघ म्हणून. "भिंत," तो म्हणाला.

"आणखी काही?"

"काय नाय. भिंत."

तिथेच, डाव्या हाताला, खुंटीवर त्याचं लाल पागोटं लटकत होतं. मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग ते हळूच म्हणाले, "दिवे विझव रे."

मामंजींचे एक स्नेही डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे त्याला नेलं. अंधाऱ्या खोलीत बसवून, दिवा आणि छोटा आरसा धरून त्यांनी त्याचे डोळे बराच वेळ तपासले. घरात आणखी कोणाला असं होतं का, विचारलं. तो म्हणाला, "बापूस सांजच्या टायमाक अडखळायचो. मगे मगे घराभायर पडना नाय. पण तेच्याकडे दिवोच नव्हतो, सायबानू."

मामंजींनी हे घरी येऊन सांगितलं. रोग वडिलांकडून आलेला. आधी रात्रीचं जातं, मग बाजूचं, मग समोरचं. औषध नाही, चष्मा नाही, शस्त्रक्रिया नाही. स्नेह्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

कोचमनचं मत वेगळं होतं. मला अंगणात गाठून तो म्हणाला, "डागदर हुशार आसा. पण तेंच्या खोलयेत काळोख, आनि हातातलो दिवो भलतीकडे. तेंका काय दिसतला?"

मामंजींनी त्याला समोर बसवून सांगितलं. मी दाराआड होते. "गाडी आता दुसरा हाकील. तू इथेच राहा. राणीचं सगळं तूच बघ, तबेला बघ. तुला काही कमी पडणार नाही."

मग त्याने एकच शब्द विचारला.

"खाली?"



तो राहिला नाही. दोन दिवसांनी भाऊ येऊन त्याला घोडपदेवला घेऊन गेला. जाताना त्याने अडगळीत पडलेल्या मूळच्या मेणबत्तीच्या दिव्यांतला एक मागून घेतला. राणीच्या तोंडाला तोंड लावून उभा राहिला. आणि निघण्याआधी गाडीचे दिवे एकदा शेवटचे नीट करून गेला.

नवा कोचमन पहिल्याच संध्याकाळी कुरकुरत आत आला. "हे दिवे कोणी बसवले? घोडीच्या खुरांखालची माती तेवढी दिसते." त्याने चामड्याचे सगळे तुकडे काढून टाकले. भिंतीवरची शेवटची रेघ कुठे होती ते मी नंतर वाकून पाहिलं. भिंत जिथे जमिनीला लागते, अगदी तिथे.

वर्ष-दीड वर्षाने त्याची तब्येत बरी नाही असा निरोप आला. मामंजींनी औषध दिलं आणि तुमचे आजोबा व मी ते घेऊन घोडपदेवला गेलो. चाळीचा जिना अरुंद आणि काळोखा. ठेचकाळतच वर गेलो. सज्जात, खोलीच्या दाराशी, तो बाकड्यावर बसला होता. त्याच्यासमोर कठड्याच्या खांबाला तो मेणबत्तीचा दिवा बांधलेला. भावजयीने तो नुकताच पेटवला होता. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आधी जिन्याकडे वळवून ठेवीत. येणाऱ्याजाणाऱ्याक दिसाक व्हया म्हणत. आता सोताच्या त्वांडाकडे वळवतत. लोक जिन्यात धडपडतत, गाळी घालतत. मी काय बोलणंय नाय."

आमच्या आवाजावरून त्याने ओळखलं. उठायला लागला, आजोबांनी त्याला बसवलं. राणी चारा खाते का, नवा माणूस तिला चाबूक लावतो का, असं विचारत राहिला. मी खरं ते सांगितलं, की चाबूक लावत नाही. दिव्याचा उजेड थेट त्याच्या चेहऱ्यावर होता. त्याच्या उघड्या डोळ्यांत दोन लहान ज्योती स्पष्ट दिसत होत्या.

बोलता बोलता तो थांबला. "वैनीनू, सांज झाली मां? दिवो लावलो काय कोणी?"

भावजय आतून म्हणाली, "कवाच लावलो, भावजीनू."

त्याने हात पुढे केला, चाचपत दिव्याची हनुवटी धरली आणि अंगठा झटकन मागे घेतला. पितळ तापलं होतं. पुन्हा धरली, या वेळी सोडली नाही.

"पेटलो हा," तो म्हणाला. थोडा वेळ वाट पाहिली. "मगे त्वांड फिरला."

आणि अंगठ्याने त्याने दिवा जरासा वळवला. उजेड त्याच्या चेहऱ्यावरून सरकला आणि शेजारच्या भिंतीवर जाऊन पडला. तो मान वाकडी करून समोर बघत बसला.